सोनाआत्याचा पाय

सोनाआत्या समोरच्याचं तोंड नंतर बघायची, आधी पाय. "लंगडतूस का रं? बस खाली." पोलक्याची सेफ्टीपिन निघायची आणि पाठोपाठ काटाही. जळकोटात दूध सोसायटीचे चेअरमनसुद्धा तिच्यापुढं मुकाट पाय पसरत.

स्वतः मात्र अनवाणी. "चप्पल पाव्हण्यांनी घालावी. मला समद्या वाटा वळखत्यात."

तिच्याच टाचेत बाभळीचा काटा मोडून पिकला आणि तिला पत्ता नाही, हे गावाला पटेना. मधुमेहानं तळपायाची जाणीवच गेली होती. जखम घोट्यापर्यंत चढली. उस्मानाबादचे डॉक्टर म्हणाले, पाय कापावा लागेल.

"कापायला त्यो काय ऊस हाय व्हय?"

शेवटचा उपाय म्हणून डॉक्टरांनी मुंबईचा एक दवाखाना सुचवला. तिथं रोग्याला बंद नळकांड्यात निजवून दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात; तो रक्तातून जखमेपर्यंत पोचला की अडलेली जखम भरू लागते. घरात कॉलेजात गेलेला मी एकटाच, म्हणून सोबत मला धाडलं. मुंबई मीही पाहिली नव्हती, पण तसं सांगायचं धाडस झालं नाही.

पहिल्याच दिवशी भांडण. तिथला ऑपरेटर म्हणाला, "आजी, पिन काढा. आत ठिणगी पडली तर भडका होईल."

"आजी आसंल तुजी! आन् तू असा फेंगडा का चालतूस? पाय दाव आदी."

त्यानं बूट काढला. आत्यानं त्याचं कुरूप दाबून पाहिलं, "बूट बदल" म्हणून बजावलं, आणि मगच पिन माझ्या हातात दिली.

आत निजल्यानिजल्या स्पीकरवरून तिचा कारभार चाले. "म्हशीला पेंड घातली का, घरी फोन करून इचार की!" इकडं ड्रेसिंग, इंजेक्शनंही सुरू होती. काही आठवड्यांत जखमेत लालसर मांस धरलं. पाय वाचला.

शेवटच्या दिवशी मात्र स्पीकर गप्प. मी घाबरून नळकांड्याच्या काचेपाशी गेलो. "आत्या, कान दुखतोय का?"

"न्हाय रं. हितं लई हवा हाय. तुज्या मामांना हिरीत येवढीशी बी घावली न्हाय."

मामा, म्हणजे तिचे यजमान, दुष्काळात विहीर खोल करायला उतरले आणि तळाशी गुदमरून गेले. त्यानंतर आत्यानं त्यांचा विषय कधी काढला नव्हता.

ऑपरेटर म्हणाला, "मावशी, वेळ झाली. दाब उतरवतो."

"थांब की बाबा," आत्या म्हणाली. "थोडी त्येंच्या वाटणीची घेते."