रिकाम्या टाकीतले मासे

बायको रोशनबी गेल्यापासून शमशुद्दीनचाचांच्या घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेला माणूस, आता दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा. पुण्याच्या लेकीनं, रुबीनानं, फोनवर रडून झाल्यावर त्यांच्यासाठी माशांची टाकी पाठवली.

दुकानदार कामिल टाकी बसवून गेला, पण मासे काही देईना.

"चाचा, म्हैनाभर नुसतं पानी ठेवायचं. त्यात चांगलं जंतू वाढाय पायजेत, न्हायतर मासं दोन दिसांत मरत्यात. रोज चिमूटभर खाणं टाका. ते कुजलं की जंतू धरत्यात."

घरात आणखी कुणी मेलेलं चाचांना चालणार नव्हतं. ते रोज सकाळी इमानदारीनं खाणं टाकू लागले.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या आक्का ताकाचा तांब्या घेऊन आल्या आणि चाचांना टाकीत खाणं टाकताना बघून दारातच थबकल्या.

"चाचा, मासं कुठं हायत?"

"न्हाईत अजून."

"मग खायाला कुनाला घालतायसा?"

"जंतूंना."

आक्का तांब्या तिथंच ठेवून माघारी पळाल्या. बायको गेल्याच्या धसक्यानं चाचांचं डोकं फिरलं, ही बातमी दुपारपर्यंत गल्लीभर झाली.

संध्याकाळी आक्कांनी चाचांवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. आक्कांचा थोरला लेक बाळासो खुर्ची ओढून टाकीसमोर बसला. अशा माणसाचं बोलणं मोडायचं नसतं, एवढं वैद्यकीय ज्ञान त्याला होतं.

"काळा जरा सुस्त वाटतोय, चाचा."

"आरं, मासंच न्हाईत त्यात! कामिलला इचार जा!"

"व्हय, व्हय. न्हाईत," बाळासो मायेनं म्हणाला आणि त्यानं आईला डोळ्यांनी खूण केली.

चाचा जितकं ओरडून समजावत, तितकी गल्लीची खात्री पटे. रोज संध्याकाळी आक्का आणि बाळासो भाकरी, खर्डा, कधी तांबडा रस्सा घेऊन यायचे, चाचांबरोबर जेवायचे, वाद घालायचे, नऊला उठायचे. चाचा दोन भाकरी खाऊ लागले होते. हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाचव्या आठवड्यात कामिलनं पाणी तपासलं. "झालं तयार! सांच्याला दुकानात या, चार मासं घिऊन जावा."

आता गल्लीची तोंडं बंद करतो, म्हणत चाचा तडक आक्कांकडे निघाले. पायरीवर असतानाच आतून आवाज आला.

"आनि किती दिस जायाचं रं बाळासो? गुडघं भरून येत्यात माझं."

"चाचा बरं झालं की सुटलो आई. मग कोन जातंय रोज?"

चाचा पायरीवरूनच मागं फिरले. फार वाईट वाटलं. पण रागवायचं कुणावर? महिनाभर त्या गुडघ्यांनीच तर त्यांचं ताट आणलं होतं.

त्या संध्याकाळी ते दुकानात गेले नाहीत. बाळासो आला, खुर्ची ओढून बसला आणि सवयीनं टाकीकडे वाकला.

"मासं कसं हायत आज, चाचा?"

चाचाही त्याच्याशेजारी त्या स्वच्छ पाण्याकडे वाकले.

"सकाळधरनं जेवलं न्हाईत रं," ते म्हणाले. "जरा येळ बस की."