म्हात्रेभाईंचा प्रासंगिक करार

पनवेलच्या बाजारात तुम्ही नवे असाल, तर एक दृश्य पाहून तुमचा चमत्कारांवर विश्वास बसेल. साठी ओलांडलेला एक मिशीवाला गडी भर गर्दीतून व्हीलचेअरवर येतो, तोंडाने हॉर्न वाजवतो, भाजीवालीसमोर ब्रेक मारतो, ताडकन उठून मेथीची जुडी निवडतो, भाव पाडतो आणि पुन्हा खुर्चीत बसून निघून जातो. पुण्याहून नुकतंच राहायला आलेलं एक जोडपं हे बघून त्या भाजीवालीच्याच पाया पडलं होतं. त्या दिवशी मेथी दुप्पट भावाने गेली असं म्हणतात. म्हणणारा मीच.

हा चमत्कार म्हणजे आमचे म्हात्रेभाई. एसटीच्या वर्कशॉपात फोरमन होते. निवृत्त झाले, पण फक्त पगारातून. आम्ही चार-पाच मंडळी व्हीलचेअर, वॉकर, खाटा असलं सामान रुग्णांना फुकट वापरायला देतो. आमच्यातल्याच उस्मानभाईंच्या दुकानामागची खोली हे आमचं कार्यालय. भाईंच्या भाषेत डेपो. दुरुस्त झालेली खुर्ची स्वतः बसून बाजारातून फिरवल्याशिवाय ते कुणाला देत नाहीत. "ट्रायल घेतल्याबिगर गाडी काढायची नाय," हा त्यांचा कायदा. एकदा ट्रायल घेताना ते उतारावरून थेट एका वरातीत घुसले आणि नवरदेवाच्या घोड्याला ओव्हरटेक करून गेले. तो घोडा तेव्हापासून लग्नाच्या सुपाऱ्या घेत नाही.

अमुक खुर्ची कुठे आहे म्हणून विचारलं, की भाईंची तीनच उत्तरं. "डेपोत हाय." "मार्गावर हाय." नाहीतर, "प्रासंगिक करार." एसटी लग्नाबिग्नाला भाड्याने जाते तेव्हा तिच्या कपाळावर ही पाटी असते. त्यामुळे कुणी आपल्या आजोबांना लग्नाला नेलं असेल, असं आम्ही धरून चालायचो. फक्त काही आजोबांची लग्नं वर्षभर संपत नव्हती.

हे सगळं असंच चाललं असतं. पण तळोज्याच्या एका कारखानदाराने नव्याकोऱ्या खुर्च्या आणि खाटा द्यायचं कबूल केलं. अट एक: देणगीवर त्याला आयकरात सवलत मिळाली पाहिजे. म्हणजे आधी ट्रस्टची नोंदणी आणि मग ते ८०जीचं प्रमाणपत्र. आमच्या संस्थेला तोवर नावसुद्धा नव्हतं. सल्ला द्यायला नवीन पनवेलच्या जोशी मॅडम आल्या. त्या सीए. वडिलांच्या आजारपणात आमचा वॉकर वापरलेला, म्हणून फी घेत नव्हत्या.

"कुठली वस्तू कुठे आहे ते दाखवावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "आणि गरज संपलेल्या वस्तू परत आणाव्या लागतील."

"मग नको आपल्याला ते शटिफिकेट," भाई म्हणाले.

उस्मानभाई कळवळले. "भाई, खुदा के वास्ते जिद सोडा. खाट नाही म्हणून लोक रोज दारातून परत चाललेत. सांगताना माझी जबान उचलत नाही."

"भाईंना कागदपत्रांची भीती वाटत असेल," मॅडम म्हणाल्या.

"मला? लॉगशीट भरण्यात जन्म गेला माजा."

"मग कशाची वाटते?"

भाईंनी पाना उचलला आणि आधीच घट्ट असलेला एक नट आवळायला घेतला.

मॅडमही काही कच्च्या नव्हत्या. "मला हा प्रासंगिक करार बघायचाय," म्हणून रविवारी भाई खुर्च्या तपासायच्या फेरीला निघाले, तेव्हा त्या त्यांच्या रिक्षात बसूनच राहिल्या. मीही बसलो. भाई आम्हाला तळ्यामागच्या एका घरी घेऊन गेले. पडवीत आमची व्हीलचेअर उभी होती. चकचकीत पुसलेली, वर धुतलेली उशी. खुर्चीत बसणारे काका मागच्या गणपतीआधीच गेले होते. घरात फक्त शेवंताकाकू. भाईंनी गुडघे टेकून त्या रिकाम्या खुर्चीचे ब्रेक तपासले.

"भाई, ही आता डेपोत न्यायला हवी ना?" मॅडमनी हळूच विचारलं.

"बेअरिंग वाजतंय हिचं," भाई खालमानेने म्हणाले. "अशी गाडी दुसऱ्या पेशंटला देता येत नाय. बघू पुढल्या रविवारी." आणि तेलाचा डबा आणायला रिक्षाकडे गेले.

ते लांब गेल्याची खात्री करून काकूंनी मॅडमचा हात धरला. "घेऊन जा गो बाय. मी कवाची तयार हाय. पन खुर्ची गेली तर ह्यो रविवारचा हितं कशाला येल? बायको गेल्यापासून घरात चूल पेटवत नाय तो. हितं निदान दोन भाकऱ्या खातो. बेअरिंगला काय सुदा झालेलं नाय."

आणखी दोन घरं पाहिली. तिथलीही बेअरिंगं त्याच रोगाने आजारी होती.

पुढच्या बैठकीत मॅडम म्हणाल्या, "भाई, प्रमाणपत्र मिळालं तर नव्या खुर्च्या येतील. नव्या आल्या की जुन्या परत आणायची घाई कुणाला?"

"आनि तुमचा तो आडिटर इचारील तवा?"

"वस्तूची गरज संपली की नाही, हे संस्थेचा फोरमन ठरवेल. तसा नियमच करू. ऑडिटरशी मी बोलेन."

भाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "बेअरिंग खरंच वाजतंय, मॅडम."

"मी ऐकलंय ना," मॅडम म्हणाल्या.

भाईंनी उस्मानभाईंच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि नोंदणीच्या अर्जावर सही केली.

प्रमाणपत्र यायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात त्या घोड्याचासुद्धा राग गेला. पण आलं, आणि मागोमाग टेम्पो भरून सामान आलं. त्या आठवड्यात पनवेलच्या बाजाराने इतके चमत्कार पाहिले, की शेवटी लोक वळून बघेनासे झाले.

तळ्यामागची खुर्ची मात्र अजून प्रासंगिक करारावर आहे. रविवारी भाई तेलाचा डबा घेऊन त्या गल्लीत शिरले, की काकू पडवीतली खुर्ची थोडी पुढेमागे ढकलून कान देतात. काही वाजत नाही. मग त्या आत जाऊन तवा चढवतात.