चंद्रीची डावी कूस

जरा डोळ्यांसमोर आणा बरं. तुम्ही एका गाईच्या अगदी तोंडासमोर उभे आहात. आता सांगा, तिची डावी बाजू कुठली? तुमच्या डाव्या हाताला आहे ती, असं म्हणालात ना? मग तुम्ही सलिलच्या पंक्तीला बसलात. फरक एवढाच, की तुमची उद्या परीक्षा नाही.

सलिल डोंबिवलीचा, गुरांचा डॉक्टर व्हायला निघालेला. उद्या सर त्याला जिवंत गाईपाशी उभं करून विचारणार होते, हृदय दाखव, लिव्हर दाखव, पोट दाखव. पुस्तकात सलिलला सगळं दिसायचं. पण कॉलेजातली गाय वर्षभर डावी बाजू भिंतीला लावून उभी राहिली होती, त्यामुळे निम्मी गाय त्याने धड पाहिलीच नव्हती. या विषयात तो एकदा गटांगळी खाऊन चुकला होता. पुन्हा खाल्ली तर अख्खं वर्ष वाया.

"मामा, मग दुसरी गाय बघू या की," संचिता म्हणाली. ही त्याची भाची, तिसरीतली, नौपाड्याहून सुट्टीला आलेली. रंगीत खडूंचा डबा तिचाच.

देवळाबाहेर रतनमावशी आपली गाय चंद्री घेऊन बसायच्या. येणारेजाणारे चंद्रीला गवत घालत, तिच्या पाठीवरून हात फिरवून तो कपाळाला लावत. चंद्री काळीभोर, म्हणजे चार पायांवर उभा असलेला फळाच.

"मावशी, हिच्या अंगावर खडूने काढू का जरा? अभ्यास आहे."

"काढ की. फक्त शिंगांना हात नको लावूस, आवडत नाही तिला."

सलिलने पुस्तक संचिताच्या हातात दिलं आणि कामाला लागला. डाव्या कुशीवर भलामोठा पांढरा गोल, ते पहिलं पोट. कोपराच्या मागे लाल त्रिकोण, ते हृदय. मग पलीकडे जाऊन उजव्या फासळ्यांवर पिवळं लिव्हर. दोन पावलं मागे सरून तो कौतुकाने बघत होता, तेवढ्यात त्यांच्याच इमारतीतल्या हेमाकाकू दर्शन घेऊन बाहेर आल्या.

आता काकूंच्या स्वयंपाकघरात एक जुनं कॅलेंडर आहे. त्यावरच्या गाईच्या अंगाअंगात एकेक देव बसलेला आहे. काकूंनी चंद्रीकडे पाहिलं आणि हात जोडले.

"रतन, आज देवांची स्थानं काढून घेतलीस वाटतं. छान केलंस. सलिल, या मोठ्या गोलात कोण रे?"

"ते पोट आहे काकू."

"पोटात काय, सगळेच आले," काकू म्हणाल्या आणि गोलाच्या मधोमध हळदकुंकू लावलं.

आपल्याकडे एकाच्या मागे दुसरा हात जोडून उभा राहिला, की तिसरा कारण विचारत नाही. बघता बघता रांग चपलांच्या स्टँडपर्यंत गेली.

"दादा, लिव्हर किधर आहे?" रिक्षावाला राकेश म्हणाला. "डॉक्टर बोललाय, लिव्हर सांभाळ."

"हे काय, उजवीकडे. पण अरे, हा नकाशा आहे नुसता."

"असू दे ना." राकेशने पिवळ्या खडूवर डोकं टेकवलं, हात लावला आणि तोच हात आपल्या डाव्या बरगडीवर फिरवला.

"तुझंपण उजवीकडेच असतं," सलिल म्हणाला.

"काय सांगतोस? मी महिनाभर इकडेच तेल चोळतोय."

हेमाकाकू मात्र चंद्रीच्या पुढच्या पायाशी बसून गुडघ्यावर कुंकू लावत होत्या. त्यांचे स्वतःचे गुडघे फार दुखत. सलिलला राहवलं नाही.

"काकू, तो गुडघा नाही. गाईचं ते मनगट असतं."

"मनगट? पायाला?"

"गुडघा मागच्या पायाला, तो पार वर, पोटाजवळ."

"म्हणजे एवढा वेळ मी मनगटाची पूजा केली? आधी सांगायचं नाही का रे?" काकू कशाबशा उठल्या. "आता मागे बसायचं, तर लाथ कोण खाणार?"

इतक्यात कुणीतरी पलीकडून गवत पुढे केलं आणि चंद्री शांतपणे उलटी फिरली. रांग होती तिथेच राहिली. लिव्हरवाले पोटापाशी आले, पोटवाले लिव्हरपाशी. कुंकवाखाली खडू पुसून गेला होता. "लिव्हर कुठलं?" मागून कुणी विचारलं आणि सलिलने ठामपणे डाव्या कुशीवर बोट ठेवलं.

"मामा, ते पोट आहे," संचिता पुस्तकात बघून म्हणाली.

"मग मघाशी मी डोकं कशावर टेकवलं?" राकेशने विचारलं.

सलिल चंद्रीच्या तोंडापासून शेपटीपर्यंत गेला आणि परत आला. गाय फिरली तर पोटपण फिरतं का? की आपण फिरलो? मघाशी आपण पुढून बघत होतो की मागून? त्याने डोळे मिटले, उघडले, आणि तेवढ्यात इतक्या माणसांना कंटाळून चंद्री खाली बसली, नेमकी डाव्या कुशीवर रेलून.

सलिल पायरीवर डोकं धरून बसला. "संपलं. वर्ष गेलं."

संचिताने पुस्तक मिटलं. "मामा, ओणवा हो."

"इथे?"

"हो ना. हात खाली टेक. आता तुझा डावा हात कुठला?"

"हा."

"उलटा फिर. आता कुठला?"

सलिल गुडघ्यांवर रांगत फिरला. "हाच," तो म्हणाला, आणि जरा थांबून पुन्हा म्हणाला, "अरे, हाच की."

संचिताने त्याच्या शर्टावर डाव्या अंगाला मोठा गोल काढला, उजव्या अंगाला पिवळं लिव्हर. रांगेतल्यांनी बसलेल्या चंद्रीकडे पाहिलं, ओणव्या सलिलकडे पाहिलं, आणि हेमाकाकूंच्या मागोमाग सगळे इकडे सरकले.

"सलिल, आता तो गाईचा खरा गुडघा दाखव बघू," काकू म्हणाल्या.

तेव्हा संचिता खडू आणि पुस्तक घेऊन रांगेच्या तोंडाशी उभी राहिली. "एकेकाने मामाला विचारायचं, काय कुठे आहे ते," ती म्हणाली. "चुकला तर मी पुस्तकात बघून सांगेन. आणि मामाला कुंकू नाही लावायचं."