एलरकांप कुलमंडळाचा नियम चौथा

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. जर्मनीत ऋषी नसल्यामुळे ही अडचण येत नाही. व्हेस्टफालिया प्रांतात तर कूळ न शोधणारा माणूस एकतर अजून नोकरीत असतो किंवा बाहेरगावचा असतो. निवृत्त माणसापुढे तिथे दोनच रस्ते असतात : बागेतल्या गोगलगायी मारणे किंवा पूर्वज जिवंत करणे. लोथार एलरकांप यांची बाग लहान होती.

लोथारसाहेब भूमापन खात्यातले. लोकांच्या बांधाची भांडणं त्यांनी उभ्या आयुष्यात इतकी मिटवली (आणि त्याहून थोडी जास्त लावली) की कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवण्याची त्यांना सवयच जडली. ती वाया जाऊ नये म्हणून त्यांनी 'एलरकांप कुलमंडळ (नोंदणीकृत)' स्थापन केलं. मंडळाची घटना स्वतः लिहिली. देशाची घटना याहून आखूड आहे, असं त्यांची बायको रोझविता म्हणे. अर्थात तिने दोन्ही वाचलेल्या नव्हत्या.

मंडळापुढचा पहिला गंभीर प्रश्न आडनावाच्या लेखनाचा होता. तीनशे वर्षांत पाद्री, कारकून आणि फौजेतले हवालदार ज्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं नाव लिहून मोकळे झाले होते. परिणामी एलरकांप, एल्लरकांपे, एलेर्नकांप, ओलरकांप अशी भावंडं जन्मली. मंडळाने त्यांची प्रतवारी लावली. एलरकांप ही पहिली प्रत, म्हणजे लोथारसाहेबांची. शेवटी 'पे' लावणारे दुसऱ्या प्रतीचे. त्या 'पे'मागे एक दारुडा पाद्री असल्याचं मंडळाने (पुराव्याविना, पण खेदपूर्वक) नमूद केलं. खरी डोकेदुखी शेवटी 'फ' लावणाऱ्यांची. त्या 'फ'मुळे 'कांप'चा 'कांफ' होतो, म्हणजे जर्मन भाषेत नावात 'लढाई' शिरते, आणि दंतवैद्य एगोन एलरकांफ आपले पूर्वज तलवारबहाद्दर होते असं दर सभेत ठणकावून सांगत. वास्तविक एलरकांप म्हणजे अल्डरच्या झाडांपाशी कुंपण घातलेला जमिनीचा तुकडा, आणि अल्डर माजतो तो चिखलात. मंडळाच्या कुलवृत्तांतात हे 'जलसमृद्ध भूभागाचे स्वामी' असं छापलंय. अमेरिकेत जाऊन 'एलरकॅम्प' झालेल्यांना सहयोगी सभासदत्व मिळे : वर्गणी पूर्ण, मत नाही.

या सगळ्या इमारतीचा पाया म्हणजे नियम चौथा. 'सभासदाचे आडनाव बापाकडून जन्माने आलेले असावे. लग्नाने आलेले आडनाव उसने समजण्यात येईल.' हा नियम लिहून झाला त्या दिवशी लोथारसाहेब स्वतःवर इतके खूश झाले की रोझविताला बाहेर जेवायला घेऊन गेले. (या नियमाने तिचं आडनाव उसनं ठरलं होतं. जेवण मात्र झकास होतं.)

नियमात खोट एकच होती. कुलवृत्तांतात लोथारसाहेबांच्या नावाखाली छापलं होतं, 'पुत्र : नाही. कन्या : विब्के.' त्याखाली कोरा कागद. दुसऱ्यांच्या पानांवर वेलीला काकड्या लगडाव्यात तशी नातवंडं लगडलेली, आणि यांच्या पानावर पांढरं माळरान. तीनशे वर्षं चालत आलेलं नाव आपल्या दाराशी येऊन संपणार, याचं त्यांना खरोखर वाईट वाटे. ते पान आलं की चष्मा पुसायचं निमित्त काढून ते उठून जात.

विब्के गुरांची डॉक्टर. एका रविवारी केक खाता खाता ती म्हणाली, "बाबा, मी ओरहानशी लग्न करतेय."

ओरहान तोपराक म्हणजे मूळच्या एलरकांप शेतावर हल्ली गाई पाळणारा तरुण. त्याचे आजोबा तुर्कस्तानातून इथल्या कापडगिरणीत आले. शेतावरच्या शेवटच्या एलरकांपने डुकरांच्या धंद्यात हात पोळून घेतले, तेव्हा ते शेत ओरहानने विकत घेतलं. (कुलवृत्तांतात : 'शेतीतून सन्मानपूर्वक निवृत्ती'.)

"पोरगा चांगला आहे," लोथारसाहेब म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "गाईही चांगल्या ठेवल्यात."

"आणि तो माझं आडनाव लावणार आहे."

काट्यावरचा केक ताटलीत पडला. "एलरकांप?"

"मला दुसरं आहे का एखादं? कायद्याने चालतं, बाबा. तो म्हणतो, फाटकावर पाटी आहेच, आणि गावातले झाडून सगळे त्याला एलरकांपच म्हणतात. मी तोपराक, मी तोपराक, असं सांगून त्याचा घसा सुकला. पोरं झाली की तीही एलरकांप."

लोथारसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोऱ्या पानावर दोन-तीन नावं उगवलेली त्यांना दिसली. मग त्यांचा चेहरा पडला. "पण नियम चौथा..."

"तुम्हीच केलाय ना तो? मग बदला की!"

"करणाऱ्यानेच बदलला तर त्याला नियम कोण म्हणेल?"

"आणि करणाऱ्यालाच पुरून उरला तर त्याला काय म्हणतात, ठाऊक आहे?" आतून रोझविता ओरडली. "दुर्बुद्धी!"

शेवटी असं ठरलं की प्रश्न कुलसंमेलनात मांडावा. संमेलन त्या वर्षी मूळ शेतावरच होतं. भावी सासऱ्यांना खूश करावं म्हणून ओरहानने एक चांगलं काम केलं (या कथेतला सगळा घोळ चांगल्या कामांनीच झालेला आहे). शेतघराच्या मोठ्या दारावर ओकची जुनी कोरीव तुळई होती. तिच्या उजव्या टोकाची 'एलरकांप, पतिपत्नी, १७१४' एवढीच अक्षरं दिसत. बाकी तुळई वेलीखाली गाडलेली. 'एलरकांप १७१४' हे मंडळाचं बोधचिन्ह होतं, कपांवर, छत्र्यांवर, हातरुमालांवर. ओरहानने वेल काढली, ब्रशने तुळई घासली, अक्षरांत पांढरा रंग भरला.

संमेलनाला तोबा गर्दी झाली. कॉफी झाली, वंदन झालं, लोथारसाहेबांची अध्यक्षपदी एकमताने निवड झाली. ते दाराखाली उभे राहिले आणि छडी वर करून गरजले, "बंधुभगिनींनो! आपल्या कुळाचा जन्मदाखला या तुळईवर कोरलेला आहे. वाचा!"

लोकांनी वाचला.

'योहान श्ट्रोटमान, एलरकांप म्हणविला जाणारा, व आना ट्रीना एलरकांप, पतिपत्नी, १७१४.'

काहींनी हातातल्या कपावरचं बोधचिन्ह पुन्हा पाहिलं. मग एका अमेरिकन सहयोगी सभासदाने (मत नाही, पण प्रश्न विचारता येतो) विचारलं, "म्हणविला जाणारा म्हणजे काय हो?"

"घरजावई!" हिल्ट्रूड आत्या ओरडल्या. लोथारसाहेबांच्या या थोरल्या आत्यांना ऐकू कमी येई, त्यामुळे त्या गुपितंसुद्धा अंगणभर सांगत. "श्ट्रोटमानांचा योहान आना ट्रीनाच्या शेतावर नांदायला आला आणि तिचं नाव लावून बसला! त्यात नवल ते काय? आमच्या मुलखात माणूस घराला नाव देत नाही, घर माणसाला देतं. शेतावर आलेला जावई आपलं नाव फाटकाबाहेर ठेवूनच आत यायचा."

ही चाल त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. लोथारसाहेबांनी तर शेजारच्या घराण्याचं पितळ उघडं पाडणारा लेखच या चालीवर लिहिला होता. स्वतःच्या घराण्यात तसं काही आढळलं नव्हतं, कारण तिकडे त्यांनी पाहिलं नव्हतं.

आता नियम चौथ्याचा सरळ हिशोब असा : मूळपुरुषाचं नाव लग्नाने आलेलं, सबब उसनं. उसन्या नावाचे वारस तेही उसने. उपस्थित सभासद अंगणभर, पात्र सभासद शून्य. वर्गण्या वैध.

"घराण्याच्या खऱ्या रीतीने एलरकांप होणारा इथे एकच माणूस आहे," आत्या म्हणाल्या, "आणि तो तिकडे सॉसेज भाजतोय! मी ठराव मांडते. तो चौथा नियम चुलीत घाला आणि ओरहानचं नाव लोथारच्या पानावर लिहा. विषय संपला."

तेव्हा दंतवैद्य एगोन उठले. थंड डोक्याचा माणूस, दाढ काढतानाही बोलत राहणारा. त्यांनी उपठराव मांडला : 'इ. स. १८०० पूर्वी लग्नाने आलेले आडनाव रक्ताने आलेले समजावे. त्यानंतर लग्नाने आलेले, लग्नाने आलेले समजावे.' कारण दिलं की रक्त मुरायला वेळ लागतो, आंबवलेल्या कोबीसारखा. लोकांना हे पटलं. निदान कोबी पटला.

दोन्हींना मतं सारखी पडली. निर्णायक मत अध्यक्षांचं.

लोथारसाहेबांनी विब्केकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत होती, लहानपणी सायकल शिकताना बघायची तशी. ओरहान चिमटा हातात धरून थांबला होता. आत्यांच्या ठरावाला हात वर केला की पान भरत होतं. एवढंच तर त्यांना आयुष्यात हवं होतं. पण मग नियम चौथा चुकला असं होणार, आणि तो चुकला तर तो लिहिणाराही. कप होते. छत्र्या होत्या. शेजाऱ्यांवरचा लेख होता.

त्यांनी हात वर केला. एगोनच्या उपठरावाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे पुन्हा रक्ताचे झाले आणि खायला धावले. सुधारित कुलवृत्तांतात आना ट्रीनाची, म्हणजे हे नाव मुळात जिचं तिची, नोंद झाली : 'मूळपुरुष योहान. पत्नी : एक.'

विब्के भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं लोथारसाहेबांना नंतर फार वाटलं. ती म्हणाली, "मग मीच घेते उसनं नाव. आईला चांगलं मानवलंय." लग्नात तिने विब्के तोपराक अशी सही केली.

पुढे तिला मुलगी झाली. नातीला बघायला लोथारसाहेब शेतावर गेले, तर फाटकापाशी दुधाच्या टँकरवाल्याने हटकलं.

"कोण पाहिजे, आजोबा?"

"तोपराक."

"असं कुणी नाही बुवा इथे. एलरकांप राहतात. त्यांना मुलगी झालीय नुकतीच, गोड आहे हो छोटी एलरकांप! तुम्ही कोण त्यांचे?"

लोथारसाहेबांनी तोंड उघडलं. कुळाचा तीनशे वर्षांचा इतिहास त्यांना मुखोद्गत होता. "पाहुणा," ते म्हणाले.

इथे वाचकांना हसू आलं असेल तर मंडळाची हरकत नाही. तुमच्याही कपाटात जाडजूड कुलवृत्तांत असेलच. मूळपुरुष कुठल्या गावाहून निघाला, कुलदैवत कोणतं, कोणत्या सरदाराने काय इनाम दिलं, हे तुम्हाला घडाघडा येत असेल. तेव्हा अवघड काही विचारत नाही. तुमच्या वडिलांच्या आईचं माहेरचं नाव काय होतं, नाव आणि आडनाव दोन्ही, एवढंच कुणालाही फोन न करता सांगा.

सावकाश आठवा. आम्ही थांबतो.