धाकटीबाईसाहेबांनी बर्फाचा तट पाडिला, त्याची हकिकत

वाचणारे मायबाप, जरा कान इकडे द्यावा. थोरांच्या मोहिमा थोरांनी लिहिल्या. आम्हांस जी मोहीम दृष्टीस पडली ती एका खोलीत, एका करकरत्या खुर्चीवर, स्वेटर घालोन लढली गेली, सबब तिजला कोणी लहान समजू नये. जैसे जाहले तैसे लिहितो. पदरचे मीठ घातलेच तर चवीपुरते.

विद्यापीठाचे तिसरे मजल्यावर संशोधकांची खोली होती आणि तेथील एसी कोणाचेही ऐकत नसे. बटण तुटलेले, दुरुस्तीवाला "आलोच" म्हणोन गेला तो गेलाच, आणि मग जगाचे तापमान वाढते याचा अभ्यास करणारी मंडळी दिवसभर कुडकुडत बसत. ऐशा त्या थंड मुलुखात धाकटीबाईसाहेब पीएचडीचे कामी तळ देऊन होत्या. भावंडांत शेवटच्या म्हणोन घरी धाकटी, आणि तेच नाव कचेरीतही चिकटले. मोहिमेचा मजकूर ऐसा जे, ध्रुवाकडे जमिनीवर अफाट बर्फ आहे, तो हळूहळू समुद्राकडे घसरतो, आणि किनाऱ्यापाशी त्याचीच एक जाड लादी पाण्यावर तरंगत राहते, आणि ती लादी मागील सारा बर्फ तटासारखी अडवोन धरते. समुद्र तापला तर हा तट कैसा झिजेल आणि कधी पडेल, हे संगणकात लटका समुद्र आणि लटका बर्फ उभा करोन पाहावे. यास मॉडेल म्हणतात, आणि त्यापायी बाईसाहेबांचे ऐन उमेदीचे दिवस खर्ची पडले होते.

आता संकट काय, ते ऐकावे. परीक्षकांचा दरबार येत्या सोमवारी भरणार होता. मागील दरबार बाईसाहेबांनी रिकाम्या हाती गाजविला होता, सबब यंदा फर्मान सुटले की या खेपेस मॉडेल धड चालले नाही तर नोंदणी खारीज, आणि बाईसाहेबांनी गाशा गुंडाळोन घरचा रस्ता धरावा. आणि मॉडेल तर चालत होते. परंतु समुद्र तापवावा तों तट वितळण्याचे सोडोन फुगत होता! पाणी कोमट केले तर बर्फ बाळसे धरी, आणखी कढत केले तर बर्फ डोंगराएवढा होई. बाईसाहेबांची पाचावर धारण बसली.

घरून तीर्थरूप बाबासाहेबांचा फोन आला. बाबासाहेब आयुष्यभर शाळेत गणित शिकवोन निवृत्त जाहले होते आणि लेकीच्या मोहिमेची खबर रोज घेत. "काय गं, वितळला का तुझा बर्फ?" ऐसी पृच्छा जाहली. बाईसाहेबांनी कण्हत वर्तमान निवेदिले. पलीकडून जबाब आला, "अगं, उन्हात ठेवला की बर्फ वितळतो हे पहिलीतलं पोरही सांगेल. तुला एवढी वर्षं शिकून उलटं कसं काय जमलं?"

बाईसाहेबांनी फोन ठेविला आणि डोळे पुसले. थट्टेचा राग नव्हता. घरी हात हलवीत परतल्यावर हीच थट्टा जन्मभर गोडीगुलाबीने ऐकावी लागेल, याची धास्ती होती.

शेजारील टेबलावर ढगवाले म्हणोन एक सरदार होते. त्यांचा अभ्यास ढगांचा, आणि दुसऱ्यांच्या डब्यातील बिस्किटांचा. त्यांनी पडद्यावरील फुगलेला तट न्याहाळिला आणि मसलत दिली की, "आलेख उलटा टांग की! वरचं खाली कर, परीक्षकांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना," बाईसाहेब उसळोन बोलल्या. "मी नाही पाडणार माझ्या हातानं. पडायचा तर पाण्यानं पडू दे."

या जबाबाने सरदार वरमले आणि बिस्किटाचा पुडा परत ठेविते जाहले. पुडा रिकामा होता ही गोष्ट अलाहिदा.

मग बाईसाहेबांनी उलटा डाव टाकिला. तापविण्याचे सोडोन समुद्र गारठवोन टाकिला, तों काय आश्चर्य, तट पाघळोन सपाट! तेव्हा बाईसाहेबांचे ध्यानी आले की फौज शूर आहे, फक्त तोंड उलटे आहे. समुद्राचा हिशेब करणारे जे लोक, त्यांचे दफ्तरी जितका बर्फ वितळला तितका आकडा चढता. आणि बर्फवाल्यांचे दफ्तरी चढता आकडा म्हणजे बर्फ वाढला. दोघांची गाठ पडे तेथे मध्ये एक मायनस लागतो, जैसा दोन हट्टी व्याह्यांमध्ये एक समजूतदार मामा. हा मामा बाईसाहेब पहिल्यांदा विसरल्या होत्या खऱ्या. परंतु पुढे तापाने अंथरुणास खिळल्या असता त्यांना चूक उमगली, आणि उठताच, चालवोन न पाहता, त्यांनी मायनस घातला, आणि शरमेपायी कोणास सांगितले नाही. तो मायनस जागेवर होता. मग घोडे पेंड कोठे खाते?

हात टेकोन बाईसाहेब मार्गदर्शक सरसाहेबांचे खोलीत गेल्या आणि फळ्यावर समुद्र काढिला, तट काढिला, मायनस काढिला. सरसाहेब मोठे विद्वान. कोड लिहिणे सोडोन त्यांस जमाना लोटला होता, तरी हात शिवशिवत असे. फळ्याकडे पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा घातला, आणि पुसलेला चष्मा आणखी एकदा पुसला.

"तो मायनस," सरसाहेब बोलले, "मीही घातलाय."

"कधी, सर?"

"तू आजारी होतीस तेव्हा. सहज चाळत होतो, दिसलं. म्हटलं, तापानं फणफणलेल्या पोरीला कशाला सांगायचं? समुद्राच्या बाजूनं घालून टाकला. नंतर सांगायला ओशाळल्यासारखं झालं. तू म्हणशील, म्हातारा माझ्या कोडमध्ये लुडबुडतो."

मायबाप, या दरबारचा हा जुना रिवाज आहे की चूक गुपचूप निस्तरावी आणि शहाण्यासारखे गप्प बसावे. एकाने मायेपोटी निस्तरली, एकीने लाजेपोटी निस्तरली, दोन मायनस मिळोन प्लस जाहला, आणि दोन मामा एके ठायी आल्यावर लग्न मोडणारच! बाईसाहेबांना आधी हसू फुटले, मग रडू, आणि मग दोन्ही एकदम. सरसाहेबांनी कागदी रुमाल पुढे केला आणि त्यातला एक आपणही घेतला.

परंतु घोर प्रसंग पुढेच होता. सरसाहेब विनयाने म्हणाले की माझा मायनस मी काढितो. बाईसाहेब म्हणाल्या की छे, छे, चूक मुळात माझी, माझा मी काढिते. आणि दोघेही आपापल्या संगणकाकडे लगबगीने निघाले. इतकियात दारात चहाचा पेला घेऊन उभे ढगवाले सरदार गरजले, "अहो, एकानंच काढा! दोघांनी काढलात तर पुन्हा फुगेल तो!" सरदारांनी मोहिमेत केलेला हा एकच पराक्रम, परंतु लाखमोलाचा. मग फर्मान जाहले की सरसाहेबांचा मायनस काढावा, बाईसाहेबांचा राखावा, आणि ही कारवाई उभयतांचे समक्ष एकाच पडद्यावर व्हावी. तैसेच जाहले.

सरदारांनी मोठ्या संगणकावरील आपली पाळी सोडोन दिली, म्हणाले की ढग काय, कुठे पळोन जात नाहीत. लटका समुद्र तापू लागला. मंडळी पडद्यापाशी श्वास रोखोन उभी राहिली, आणि तट खालच्या अंगाने झिजू लागला, मग पातळ जाहला, मग त्यास चीर गेली, आणि मग एका दमात अवघा तट समुद्रात! खोलीत हर्षाचा कल्लोळ उठला, सरदारांनी टेबल बडविले, सरसाहेबांनी कोणी पाहत नाही ऐसे समजोन दोन उड्या मारिल्या. सोमवारी दरबार भरला, बाईसाहेबांनी दोन मायनसांची हकिकतही न लपविता सांगितली, आणि परीक्षक हसत हसत नोंदणी कायम करिते जाहले.

दरबारातून बाहेर पडताच बाईसाहेबांनी जिन्यातूनच घरी फोन लाविला. "बाबा, पडला! तट पडला!"

"शाब्बास, पोरी! जीव भांड्यात पडला बघ." मग बाबासाहेबांनी खाकरोन गणिताच्या मास्तराप्रमाणे पुढली पायरी विचारिली. "बरं, मग त्याच्या मागचा बर्फ?"

"तो घसरतो. सगळा येतो समुद्रात."

"आणि समुद्र?"

बाईसाहेब जिन्यात थांबल्या. "चढतो, बाबा."

"अगं," बाबासाहेब हळू आवाजात बोलले, "म्हणजे तो तट आपलाच होता की."

बाईसाहेब तशाच माघारी फिरल्या. खोलीत पार्टीची तयारी चालली होती, सरदार समोसे की केक या मसलतीत गर्क होते. बाईसाहेबांनी स्वेटर चढविला, खुर्चीत बसल्या, आणि समुद्राची उष्णता थोडी उतरवोन मॉडेल पुन्हा लाविले. तट पडला. आणखी उतरविली. पुन्हा पडला. सरसाहेब मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, जिंकलीस की तू. आता काय शोधतेस?"

"किती गार राहिलं तर उभा राहतो, ते," बाईसाहेब मान न वळविता बोलल्या.

सरसाहेबांनी खुर्ची ओढिली आणि शेजारी बसले. उष्णता आणखी उतरली. तट झिजला, त्यास चीर गेली, चीर अर्ध्यावर थबकली, आणि तट उभा राहिला. या खेपेस कोणी टेबल बडविले नाही. बाईसाहेबांनी फक्त पडद्यावर बोट टेकविले, जैसे तापातून उठलेल्या लेकराचे कपाळ पाहावे.

येणेप्रमाणे तट पाडिला ती फत्ते बाईसाहेबांचे नावे रुजू असे. आणि तट राखिला तीही फत्तेच, परंतु ती अद्याप संगणकातील आहे, ऐसे लिहोन लेखणी खाली ठेविली.