बाबा भूकंपाचं काम करतात

बेडरूममधलं कपाट भिंतीला आवळून झालं, तसा इंजिनिअर ड्रिल मशीन घेऊन स्वयंपाकघराकडे वळला.

"आता काय राहिलं?" बायकोने विचारलं.

"वॉशिंग मशीन."

"ते कुठे पडणार आहे? ते आधीच जमिनीवर आहे."

"पडत नाही, सरकतं. जड वस्तू आधी सरकतात. मी पाठवलेलं वाचलं नाहीस का?"

बायकोने वाचलं नव्हतं. बदलीची ऑर्डर आली तेव्हापासून तो तिला भूकंपाविषयी इतकं काही पाठवत होता, की त्याचा मेसेज आला की ती आधी भाजी चिरून घ्यायची, कपडे वाळत घालायची, आणि मग विसरून जायची.

त्याची कंपनी भूकंप मोजायची यंत्रं बनवत असे. पण त्याचा स्वतःचा भूकंपाशी संबंध तेवढाच, जेवढा मिठाईच्या खोक्याचा मिठाईशी. तो पॅकिंगमध्ये होता. जमिनीचे धक्के मोजायला निघालेल्या यंत्राला वाटेत एकही धक्का लागू नये, यासाठी फोमचे साचे तयार करणं हे त्याचं काम. ते तो फार मन लावून करायचा. म्हणूनच कंपनीने त्याला बढती देऊन या देशातल्या नव्या कारखान्यात पाठवलं होतं. इथे जमीन हलते हे शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं.

बायको फिजिओथेरपिस्ट. चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून ती आली होती, पण एक अट घालून. "पहिल्या धक्क्याला पोरगी घाबरली, तर सामान बांधायचं. त्यावर चर्चा नाही."

त्याने अट मान्य केली आणि त्या दिवसापासून घरात घाबरायचं खातं स्वतःकडे घेतलं. टेबलाच्या कडांना फोम लावला. पायांना फोम गुंडाळला. सगळ्यांना हेल्मेटं आणली, ती दाराजवळ खुंटीला टांगली. रोज जेवण झालं की तो सगळ्यांकडून म्हणून घ्यायचा, "पळायचं नाही. आधी टेबलाखाली." मुलगी हसत हसत म्हणायची. आजी, म्हणजे त्याची आई, म्हणायची, "मी टेबलाखाली वाकले तर भूकंप परवडला." तरी म्हणायची.

आजीचं खरं दुखणं वेगळं होतं. आल्यापासून ती इमारतीच्या खाली उतरली नव्हती. "उतरून बोलू कुणाशी?" ती विचारायची. "नमस्कार झाला की माझा शब्दसाठा संपतो." ती खिडकीत बसायची, खाली अंगणातल्या बाकावर बसलेल्या बायका पाहायची, आणि त्या काय बोलत असतील ते मनानेच रचायची. इंजिनिअरला ते दिसायचं. पण त्याला फोम कुठे लावायचा ते त्याला कळत नव्हतं.

मुलगी मात्र शाळेतून रोज नवे शब्द आणत होती. एकदा लिफ्टमध्ये तळमजल्यावरच्या बाईंनी तिला विचारलं, बाबा काय करतात? या बाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि इमारतीच्या समितीच्या अध्यक्षही. पॅकिंग, फोम, साचा, यातला एकही शब्द मुलीला अजून येत नव्हता. 'भूकंप' हा मात्र शाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. म्हणून ती म्हणाली, "बाबा भूकंपाचं काम करतात."

तेव्हापासून जिन्यात भेटणारी माणसं इंजिनिअरला वाट देऊ लागली. इथले लोक मुळातच अदबशीर आहेत, अशी त्याने समजूत करून घेतली.

मग तो रविवार आला. ऊन चांगलं पडलं होतं, म्हणून आजीने जाड रजई मशीनमध्ये टाकली आणि पोथी घेऊन बसली. रजई पाणी प्यायली, फुगली आणि एका बाजूला गोळा होऊन बसली. मशीन पिळायच्या वेगावर आलं तसं ते एका अंगावर उड्या मारू लागलं. एरवी ते जागच्या जागी थोडं नाचलं असतं आणि गप्प झालं असतं. पण आता त्याला सरकायची सोय नव्हती. लोखंडी पट्ट्यांनी ते भिंतीला घट्ट आवळलेलं होतं. त्यामुळे मशीनने भिंत हलवली, भिंतीने तिलाच शेजारी आवळलेलं भांड्यांचं कपाट हलवलं, आणि कपाटातली एकूण एक स्टीलची भांडी वाजू लागली.

दिवाणखान्यात पेपर वाचणाऱ्या इंजिनिअरच्या चहाच्या कपात लहान लहान गोल उठले.

"टेबल," तो म्हणाला. कुणी हललं नाही, म्हणून ओरडला, "टेबल!"

शिकवणी वाया गेली नव्हती. मुलगी आत शिरली, बायको शिरली, दोघींनी मिळून आजीलाही ओढून घेतलं. चौथ्याला मात्र जागा उरली नाही. टेबलाच्या पायांना इतका फोम गुंडाळला होता, की आतली निम्मी जागा त्यानेच खाल्ली होती. इंजिनिअरने डोकं आत घातलं आणि बाकीचा तो बाहेरच राहिला.

"थांबेल आत्ता," बायको म्हणाली.

थांबेना. भांडी वाजतच होती.

"भूकंप इतका वेळ चालत नाही ना?" टेबलाखालून मुलीने विचारलं.

"नाही चालत," तो म्हणाला. "म्हणजे हा मोठा आहे. चला, खाली चला."

"पळायचं नाही म्हणाला होतास," बायको म्हणाली.

"ते लहानासाठी."

खुंटीवरची हेल्मेटं हाताला येतील तशी डोक्यावर चढली. आजीला एका बाजूने बायकोने आणि दुसऱ्या बाजूने त्याने धरलं. इथल्या भाषेतला एक शब्द त्याने अगदी पक्का पाठ केला होता, 'बाहेर'. तोच ओरडत तो जिना उतरू लागला.

मजल्यामजल्यावर दारं उघडली. कुणाला काहीच जाणवलं नव्हतं. पण भूकंपाचं काम करणारा माणूस स्वतः हेल्मेट घालून, म्हातारीला धरून खाली धावतोय म्हटल्यावर विचारायला कोण थांबतो? कुणी तान्ह्याला घेऊन उतरलं, कुणी अर्धी दाढी केलेलं, कुणी डोक्याला मेंदी लावलेलं. बाई अंगणात उभ्या राहून सगळ्यांना मोजत होत्या. त्यांचा चेहरा उजळला होता. समितीच्या भूकंप-सरावाला इतकी माणसं कधीच उतरत नसत.

अंगणात सगळे श्वास रोखून उभे राहिले. काहीच होईना. एका झाडावर पक्षी बोलत होता.

आजी बाकावर टेकली आणि मुलाला म्हणाली, "अरे, गडबडीत मशीन तसंच राहिलं बघ चालू. रजई टाकली होती मी. फार आदळत होतं मेलं, मी तुला सांगणारच होते."

इंजिनिअरने वर आपल्या खिडकीकडे पाहिलं. मग त्या भिंतीकडे पाहिलं, जिला त्याने स्वतःच्या हाताने भोकं पाडली होती. मग बायकोकडे. तिला त्याच्या आधीच कळलं होतं. ती जमिनीकडे पाहत होती, आणि तिचे खांदे हलत होते. ती रडतेय की हसतेय, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

"बाईंना सांगायला हवं," तो मुलीला म्हणाला. "चल, तू भाषांतर कर."

"सगळं सांगू?"

"सगळं."

तो बाईंच्या समोर जाऊन उभा राहिला. मुलीचं छोटं गुलाबी हेल्मेट त्याच्या टाळूवर बसलं होतं. ते त्याला अजून माहीत नव्हतं. हात जोडून, मान खाली घालून तो बोलू लागला. चूक माझी आहे. मशीन भिंतीला आवळायला नको होतं. रविवार तुमचा खराब केला. मी भूकंपाचा तज्ज्ञ नाही, मी खोकी बनवतो. खरं सांगायचं तर इथे आल्यापासून मला रोज भीती वाटते, आणि ती घरच्यांना दिसू नये म्हणून मी सारखा कुठेतरी स्क्रू पिळत असतो.

हे शेवटचं वाक्य त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. ते बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. अगदी पायाखालची जमीन सुटल्यासारखं.

त्याने मान वर केली. बाई त्याच्याकडे पाहत नव्हत्या. कुणीच पाहत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा वर होत्या. खांबांवरच्या तारा झोके घेत होत्या. तिसऱ्या मजल्यावरची एक कुंडी कठड्यावरून सुटली आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन फुटली. मग तारा हळूहळू स्थिर झाल्या.

"तू सांगत का नाहीस त्यांना?" त्याने मुलीला विचारलं.

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "आत्ता झाला."

"काय झाला?"

"भूकंप."

बाईंनी त्याचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिल्या.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, भूकंप आधी कळणारं माणूस त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं."

"अगं, मग रजईचं सांग."

मुलीने रजईचं सांगितलं. बाई हसल्या आणि मागे वळून सगळ्यांना काहीतरी म्हणाल्या. माणसं माना डोलावू लागली.

"त्या म्हणतायत, मोठी माणसं अशीच असतात. श्रेय घेत नाहीत."

वर आल्यावर त्याने आधी मशीन बंद केलं आणि तिथेच जमिनीवर बसला.

"मी उद्या ऑफिसात बोलतो," तो म्हणाला. "परत जाऊ आपण."

बायको त्याच्या शेजारी येऊन बसली. "पोरगी घाबरली का?"

"नाही. मी घाबरलो. आणि ज्या भूकंपाला घाबरायचं होतं तो आला, तर मला कळलासुद्धा नाही. मी माफी मागत होतो."

"अट पोरगी घाबरण्याची होती. तू घाबरण्याची नव्हती," ती म्हणाली, आणि त्याच्या डोक्यावरचं गुलाबी हेल्मेट काढून तिने बाजूला ठेवलं.

खिडकीतून अंगण दिसत होतं. आजी वर यायला तयार झाली नव्हती. ती बाईंच्या शेजारी बाकावर बसून हातवारे करत मशीन कसं आदळत होतं ते मराठीत सांगत होती. बाई आपल्या भाषेत मध्येच काहीतरी विचारत होत्या, आणि आजी त्याचं उत्तर देत होती.

एवढ्यात मुलगी धापा टाकत आली. "बाबा, वरच्या मजल्यावरचे काका विचारतायत, दुपारी झोपलं तर चालेल का?"

इंजिनिअरने बायकोकडे पाहिलं.

"झोपा म्हणावं," बायकोने परस्पर सांगून टाकलं. मुलगी धावत परत गेली. मग ती नवऱ्याला म्हणाली, "आणि परत जायचं म्हणतोस, पण जाणार कसा? आपण बॅगा घेऊन जिना उतरताना दिसलो, तर ही सगळी इमारत रिकामी होईल."

त्याने त्यावर थोडा विचार केला. तिचं म्हणणं खरं होतं.