चक्रातली फट

आमचे शेजारी बापूकाका कधीच चुकत नाहीत. चुकतात त्या वस्तू. चहा बशीत सांडला तर कपाची बैठक वाकडी, सही बिघडली तर पेन भिकार, कुलपात चावी जाईना तर खारी हवा. "माणूस ठीक असतो रे, जोडणी चुकते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. श्रीवर्धनातल्या त्यांच्या सुपारीच्या वाडीत मी रोज संध्याकाळी जातो, ते आजचा आरोपी कोण हे ऐकायला.

काका वनखात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ते पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. काका त्याला तेल लावतात, फडक्यात गुंडाळतात आणि लेक सासरी धाडावी तसं पोचवून येतात. गेल्या निवडणुकीनंतर ते परत आलं आणि रायफल क्लबात काकांच्या सहापैकी दोन गोळ्या शेजारच्याच्या निशाणावर लागल्या. शेजारचा खूश झाला.

"ठाण्यात कुणीतरी हाताळलंय," काकांनी निकाल दिला. "गोळ्यांचं फिरतं चक्र नळीशी जुळत नाही. कारागिराकडून घट्ट करून आणतो."

"आणा बाई एकदा," काकू म्हणाल्या.

रिव्हॉल्व्हरची पिशवी, सगळे कागद आणि मला घेऊन काका मुंबईला निघाले. वाटेत एसटीच्या खिडकीची जोडणीही चुकलेली निघाली. बंदुका दुरुस्त करणारे म्हातारे चाचा भिंग लावून बसले. त्यांनी चक्र उजेडात धरलं, कानाशी नेऊन हळूहळू फिरवलं.

"साहेब, चक्र एकदम बराबर. केसाची पण फट नाय."

तेवढ्यात चहा आला. काकांनी कप उचलला आणि तो बशीवर टकटक वाजू लागला. चाचांनी आधी कपाकडे पाहिलं, मग हाताकडे. काकांनी कप खाली ठेवला. पहिल्यांदाच त्यांनी कपाला नावं ठेवली नाहीत.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "वर्ष झालं. हिच्या वडिलांचे हात असेच सुरू झाले होते. शेवटची सहा वर्षं हिनं त्यांना घासन् घास भरवला. आता पुन्हा तेच? कळेलच तिला, पण एवढ्यात नको. चाचा, एक कर. काहीतरी घट्ट कर आणि तसं लिहून दे."

वर्षभर ज्या वाक्यावर मी हसत होतो, त्याची मला लाज वाटली.

चाचांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "लिहून देतो. पण साहेब, आता हे चालवायचं नाय."

"नाही चालवणार. शब्द देतो," काका म्हणाले. बाहेर पडताना त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

चाचांनी एक स्क्रू जरासा आवळून चिठ्ठी लिहिली होती: चक्र तपासलं, घट्ट केलं. घरी आल्यावर काकूंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"तरी मी म्हणत होते, चक्रच असणार."

काकांचा चेहरा उजळला. "सांगत नव्हतो? जोडणी!"

काकूंनी चिठ्ठी देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आणि चहा आणला. मला नेहमीसारखा कपबशीत, काठोकाठ. काकांना स्टीलच्या उंच पेल्यात, अर्ध्याच्याही खाली.

"हा पेला कशाला?" काकांनी विचारलं.

"आपल्या कपांची बैठक वाकडी आहे ना," काकू म्हणाल्या आणि पेला त्यांच्या दोन्ही हातांत नीट बसेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.